डोंगरावरून दिसलेलं अंगण

मा उर्स्युलने आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे धुतले आणि कपड्यांवरून तिला माणसं कळायची. कोणता अधिकारी जेवताना बाहीला तोंड पुसतो, कोणाची बायको रुसली म्हणून सदऱ्याची बटणं तुटकी आहेत, कोणाला खोकल्यातून रक्त पडायला लागलंय, हे आमच्या बेटावरच्या रोझो गावात डॉक्टरच्या आधी तिला ठाऊक असायचं. पण बाई तोंडातून चकार शब्द काढायची नाही. ते खातं माझ्याकडे होतं. मी झोझीन. नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या दगडांवर, तिच्या शेजारी, बावीस वर्षं मी धुणं बडवलं. माझ्या जिभेला हाड नाही असं गाव म्हणतं. तरी ही एक गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली, त्याबद्दल गावाने माझा सत्कार करायला हवा. आता मा नाही, आणि मळ्याचा मालक क्रॅडकही विलायतेत जाऊन मेला. घाबरायचं कारण उरलेलं नाही. पण सांगताना माझं अर्धं लक्ष दाराकडे आहे आणि ते काही केल्या हटत नाही.

मा उंच, हाडकुळी, आणि नखं कायमची निळीने निळी. घाबरटपणात मात्र तिचा हात कोणी धरला नसता. बुटांचा आवाज आला की भिंतीला चिकटून उभी राहायची. अंगात ताप असला तरी सदरा ठरल्या वेळी पोचवायची. सुटकेचा कागद तिने परकराच्या पट्टीत शिवला होता आणि दिवसातून दहा वेळा तिथे हात लावून बघायची.

मी चिडवायचे, "मा, कागद आहे की ढेकूण? सारखी काय चाचपतेस?"

"हस, हस. तू मोकळी जन्माला आलीस, तुला काय कळणार?"

ते खरंच होतं. माझी आई मोकळी, म्हणून मी मोकळी. मा मात्र एका म्हाताऱ्या फ्रेंच मालकिणीची गुलाम होती. म्हातारीने मरताना मृत्युपत्रात तिला सोडलं. तिची मुलगी सेलीस तेव्हा आठ वर्षांची. तिचं नाव लिहायचं राहिलं. विसरली की मुद्दाम गाळलं, ते म्हातारी बरोबर घेऊन गेली. उसाचा मळा, चरक, बैल आणि सेलीस, सगळं क्रॅडक नावाच्या इंग्रजाकडे गेलं. मग आई गावात आणि मुलगी मळ्यावर. रविवारच्या बाजारात अर्धा तास भेट व्हायची, तीसुद्धा मालकीणबाईंची कामं आटोपली तर.

फ्रेंच जाऊन इंग्रज परत आले, त्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सेलीस एकोणीस वर्षांची झाली होती आणि क्रॅडकने ठरवलं की तिला जमैकाला आपल्या भावाकडे पाठवून द्यायचं. बंदरात त्याचं जहाज साखर भरत उभं होतं, त्यातूनच ती जाणार होती. पोरीने हे जेवण वाढता वाढता ऐकलं. रविवारी सकाळी तिने टेबलावरची मळकी कापडं टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली आणि मोठ्या रस्त्याने चार मैल चालत सरळ आईच्या अंगणात येऊन उभी राहिली. वाटेत कुणी हटकलं नाही. धुण्याची टोपली घेतलेली बाई कुणाला दिसत नाही, टोपली दिसते. फक्त शेवटच्या उतारावर तिच्या पायात काच घुसली आणि पाय सुजून भोपळा झाला.

मला हे कळलं मंगळवारी. माच्या अंगणात शिरले तर चारही बाजूंनी चादरी वाळत घातलेल्या, जमिनीला टेकतील अशा.

"काय गं मा, सोमवारच्या चादरी अजून दोरीवर? साहेबांना काय सुकवून खायच्यात?"

माने माझा दंड एवढ्या जोरात धरला की पुढे आठवडाभर वळ होते. चादर जरा बाजूला केली. आत कापडाची एक खोलीच झाली होती, आणि त्या खोलीत सेलीस उलट्या टबावर बसून कसाव्याच्या कंदाची भाकरी खात होती. मला बघून हसली. मान एका बाजूला टाकून हसायची तिची लहानपणापासूनची सवय होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पळालेल्या गुलामाला थारा देणाऱ्याची शिक्षा आम्हाला चौकात वाचून दाखवलेली होती. थारा देणारा मोकळा माणूस असेल तर त्याचा कागद फाडायचा आणि त्यालाच विकायचं. सोमवारी दवंडीसुद्धा पिटली होती, "सेलीस, वय एकोणीस, घरकामाची, डोक्याला पिवळा रुमाल." गस्तीचे शिपाई माच्या घरात दोनदा येऊन गेले होते. पलंगाखाली बघितलं, आढ्यावर काठी फिरवली, पिंपात डोकावले. चादरींना मात्र हात लावला नाही. त्या किल्ल्यावरच्या अधिकाऱ्यांच्या होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर खूण शिवलेली. साहेबाच्या धुतल्या चादरीला चिखलाचा हात लावून कोण फटके खाईल? मा घाबरट होती, पण तिला डोकं होतं.

"शनिवारपर्यंत," मा म्हणाली. "शनिवारी ओगुस्त येतो."

ओगुस्त म्हणजे बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा म्हातारा, बेटावरच्या मूळच्या कालिनागो लोकांपैकी. महिन्यातून एका शनिवारी होडीतून टोपल्या विकायला यायचा. त्याच्याबरोबर पलीकडे, आणि तिथून वर जंगलात, पळालेल्यांच्या वस्तीवर. असा बेत होता. शनिवारच्या आधी हलवायचं म्हणजे पुलावर शिपाई, आणि पोरीला तर उभंही राहवत नव्हतं.

"तू काही बघितलं नाहीस, झोझीन."

"मी आलेच नाही," मी म्हटलं आणि घरी जाऊन दाराला कडी घातली. भरदुपारी.

बुधवारी आम्ही दोघी धुतलेले कपडे घेऊन मोर्न ब्रूसच्या डोंगरावर गेलो. गावाच्या डोक्यावरच तो डोंगर, वर लष्कराच्या बराकी. तिथे लेफ्टनंट हेस्केट नावाचा एक तरुण साहेब होता. माणूस वाईट नव्हता. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा आणि कपडे आणणाऱ्या बाईला पाणी विचारायचा. त्याला चित्रं काढायचा नाद होता. कड्यावर तिवई मांडून दिवसचे दिवस बसायचा, एका हातात कुंचला आणि एका हातात दुर्बीण. आम्हाला हसू यायचं. जे रोज समोर आहे ते कागदावर काढून काय मिळतं या माणसाला?

त्या दिवशी तो भलताच खूश होता. "या, या! बघा! झालं एकदाचं!"

खिडकीजवळच्या टेबलावर, फळीला ताणून चिकटवलेला कागद. त्यावर आमचं बंदर होतं. मी खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिले. पाणी किनाऱ्याजवळ हिरवट आणि पुढे गडद, तसंच्या तसं. किल्ला, चर्चचं छप्पर, किनाऱ्यावर साखरेची पिंपं लोटणारी माणसं मुंग्यांएवढी. मधोमध क्रॅडकचं जहाज, त्याचा दोरन् दोर.

"हे क्रॅडकसाहेबांसाठी," हेस्केट म्हणाला. "जहाज निघायच्या आधी त्यांना हवंय. उद्या दुपारी जेवायला बोलावलंय, तेव्हा देणार. मी मनाचं काही घालत नाही, बरं का. जे दिसतं तेवढंच. तोफा मोजून बघा! आणि हे बघ, उर्स्युल, हे कुठलं घर?"

त्याने कुंचल्याचं टोक डोंगराच्या पायथ्याशी नेलं. नखाएवढं एक घर. शेजारी चार पांढरे फराटे. आणि त्या चार फराट्यांच्या आत एक तपकिरी ठिपका, त्याच्यावर एक पिवळा.

आम्ही रस्त्यावरून बघणाऱ्यांपासून अंगण झाकलं होतं. डोंगरावरून कुणी बघेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. धुणं धुणाऱ्या बाया खाली मान घालून जगतात. वर बघायची सवय नसते.

"क्रॅडकबाईंना गंमत वाटेल!" हेस्केट हसत म्हणाला. "त्यांची एक पोरगी पण आलीय चित्रात. पिवळा रुमाल बघून मी ओळखलं. सोमवारी तुझ्याकडे कामाला आली होती ना?"

पिवळा रंग क्रॅडकबाईंच्या घरचा होता. घरातल्या सगळ्या पोरींच्या डोक्याला एकाच पिवळ्या कापडाचे रुमाल, कारण बागेत तो रंग उठून दिसतो. बाकी गावभर आमच्या डोक्यांना मद्रासहून येणारे चौकड्यांचे रुमाल. दवंडी डोंगरावर चढत नाही, म्हणून या साहेबाला काही माहीत नव्हतं. पण उद्या जेवणाच्या टेबलावर त्याने हा ठिपका दाखवला की सगळं बाहेर पडणार होतं.

"हो साहेब," मा म्हणाली. "टेबलाची कापडं घेऊन आली होती." तिचा आवाज अगदी साधा होता. हातातली सदऱ्यांची चळत मात्र तिने इतकी आवळली होती की इस्त्रीच्या घड्या मोडल्या. मी ती काढून घेतली.

डोंगर उतरताना मी तिच्यावर चवताळले. "पिवळा? अगं पिवळा का? जाळून टाकायचा होता तो!"

"मी तिला माझा करडा रुमाल दिला होता."

"मग?"

मा वाटेतच उभी राहिली. "सोमवार होता, झोझीन. मी करडा धुवायला घेतला."

पुढे काही बोलायची गरज नव्हती. सोमवारी मा उर्स्युलच्या घरात अंगावर राहील तेवढं सोडून सगळं पाण्यात जायचं. वादळ येवो, मरण येवो. आणि आमच्यात बाई उघड्या डोक्याने बसत नाही, आजारी असो की बाळंतीण. मग ती लपलेली असली म्हणून काय झालं? करडा रुमाल वाळेपर्यंत तासभर पोरीने पिवळा बांधला. त्याच तासात वर साहेब दुर्बीण लावून बसला होता. दुसऱ्या कुठल्या बाईने पळालेल्या मुलीचा रुमाल वारानुसार धुतला असता? पण मी हसले नाही. मीही धुतला असता.

त्या दिवशी दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. आता मनातलं सांगूनच टाकते. क्रॅडकच्या दारात जाऊन मुलगी कुठे आहे ते सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं. मला कोण विचारणार? मा धरली जाईल, पण मी सुटेन. मी रुमाल नीट बांधला, उंबऱ्यापर्यंत गेले, आणि मला ओकारी आली. तिथेच खाली बसले. माझ्या भित्रेपणाने मला त्या दिवशी वाचवलं, की माला, मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळच्या आधी मीच माच्या घरी गेले.

"त्या साहेबाचा खळ घातलेला सदरा कुठाय? उद्या जेवायला जाताना घालायचा?"

"हा काय. इस्त्री झालीय."

"आज देऊ नकोस. उद्या ऐनवेळी देऊ. तो आत जाऊन बदलेल. तेवढा वेळ चित्र बाहेर असेल."

माने सदरा उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "पाण्याचा रंग आहे तो. पाण्याने निघेल."

"कागद फाटला तर?"

"चोळला तर फाटेल. टिपायचा." एवढं बोलून तिने जुन्या मलमलीचा एक तुकडा फाडला आणि आपल्या परकराच्या काठावर फळाचा डाग पाडून तो टिपून बघायला लागली. तीन वेळा पाडला, तीन वेळा काढला. सेलीस चादरीआडून बघत होती. "आई, मीच निघून जाते गं," ती म्हणाली. माने वर न बघता सांगितलं, "गप बस. पाय वर ठेव."

गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा हेस्केट दारातच, बनियनवर, लालबुंद. "कुठे होतीस? उशीर झाला मला!"

"खळ वाळली नव्हती, साहेब. दमट हवा."

सदरा हिसकावून तो आतल्या खोलीत गेला. मधे लाकडी पडदा होता. बाहेरच्या दारात मी उभी राहिले, म्हणजे अंगणातून कुणी आलं तर दिसावं आणि आत साहेबाला माझा आवाज जावा. मा मला वाटेत म्हणाली होती, "आयुष्यात एकदा तुझ्या जिभेचा उपयोग होऊ दे." तो झाला. मी काय बोलले देव जाणे. चर्चमधल्या पाद्रीबुवांचे मोजे, तुमच्या कर्नलसाहेबांची बायको सदऱ्यांना कसला वास लावते, खारवलेली मासळी यंदा कशी किडकी आलीय. माझी बोबडी वळत होती आणि मी बोलत होते. आतून साहेब "हं, हं" करत होता.

मागे वळून बघितलं तर मा टेबलासमोर उभी. ओला तुकडा हातात. आणि हात हवेत तसाच.

"मा! टिप ना!" मी ओठांनीच म्हटलं.

"मान बघ तिची," मा कुजबुजली. "तिरकी मान. हुबेहूब काढलीय गं त्याने."

माझ्या अंगाची लाही झाली. आत बूट ठोकल्याचा आवाज येत होता, बाहेर एक शिपाई विहिरीकडून येत होता, आणि ही बाई चित्र बघत होती! मी मोठ्याने साहेबाला विचारलं, "साहेब, गळपट्टी नीट बसली का? नाहीतर मी परत इस्त्री करून देते!"

माने तुकडा टेकवला. उचलला. परत टेकवला. तिसऱ्यांदा टेकवून ती क्षणभर तशीच थांबली, तापलेल्या कपाळावर हात ठेवतात तशी. मग तिने हात मागे घेतला. तपकिरीही गेला आणि पिवळाही. चार फराट्यांच्या मधे ओलसर, फिकट जागा राहिली.

हेस्केट बटणं लावत बाहेर आला, थेट टेबलाकडे. मी भिंत धरली.

"हे काय? इथे पाणी कसं पडलं?"

"घामाचा थेंब, साहेब," मा म्हणाली. "बघायला वाकले होते. चुकले."

त्याचा चेहरा असा झाला की आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं, ते लवकर संपलं असतं. तो कागदाकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी घोडा तयार असल्याचं ओरडलं. त्याने चिडून एक शब्द उच्चारला, कुंचला पाण्यात बुडवला आणि त्या जागेवर निळसर करड्या रंगाचे दोन फटकारे मारले.

"जाऊ दे. एक चादर जास्त. आता पोरगी काढत बसायला वेळ नाही."

तो गेल्यावर आम्ही दोघी बराकीच्या पायरीवर बसलो. मा म्हणाली, "चित्रातून गेली. त्याच्या तोंडातून नाही गेली. जेवताना बोलला तर?"

म्हणून सेलीसला त्याच दुपारी हलवलं. कुठे? माझ्या घरी, दुसरं कुठे. ज्या बाईने आदल्या दिवशी चुगली करायला रुमाल बांधला होता, तिच्या घरी. मी तेव्हा किल्ल्यावरच्या दवाखान्याची धुणी घेत होते. पिवळ्या तापाने मेलेल्या शिपायांच्या गोधड्या माझ्या पडवीत ढिगाने पडलेल्या असायच्या. त्या ढिगाखाली पोरीला झोपवलं. नाक दाबून जाणारा माणूस ढीग उपसत नाही. दोन दिवस ती त्या घाणीत पडून होती आणि एकदाही खोकली नाही.

साहेब जेवताना बोललाच. हसत हसत बोलला म्हणे, की बाईसाहेब, तुमची एक पोरगी घामाच्या थेंबात वाहून गेली. शुक्रवारी सकाळी सहा शिपाई माच्या अंगणात. या वेळी चादरींची भीड ठेवली नाही. सगळ्या ओढून चिखलात फेकल्या, संगिनी खुपसल्या. मी कुंपणाशी उभी होते. माझ्या घराचं दार तिथून वीस पावलांवर, आणि त्यांच्यातला एक जण सारखा तिकडेच बघत होता.

"पिवळ्या रुमालाची पोरगी कुठाय?" हवालदाराने विचारलं.

"सोमवारी आली होती, साहेब. कापडं टाकून गेली."

"लेफ्टनंटसाहेब म्हणतात, चादरींच्या आत बसली होती."

"चित्रात बसलेली आहे का?" मा म्हणाली. आवाज बारीक, मान खाली.

हवालदार गडबडला. चित्र त्याने बघितलं असावं, कारण तो म्हणाला, "चित्रात नुसत्या चादरी आहेत." मग त्याने माच्या तोंडात मारली, कारण काहीतरी करायला हवं होतं, आणि ते गेले. त्यातला एक माझ्या पडवीपर्यंत गेला, वास घेतला आणि नाकाला बाही लावून परत फिरला. उभ्या उभ्या माझा परकर ओला झाला, हेही सांगून टाकते.

शनिवारी ओगुस्त आला. भर बाजाराच्या गर्दीत सेलीस माझा चौकड्यांचा रुमाल बांधून, डोक्यावर रिकाम्या टोपल्यांची उतरंड घेऊन, लंगडणं दाबत त्याच्या मागून किनाऱ्यापर्यंत चालत गेली. मा तिला पोचवायला गेली नाही. जाता येणार नव्हतं, तिच्यावर नजर होती. ती नेहमीसारखी नदीच्या मुखाशी आपल्या दगडावर धुणं धुवत होती. होडी आमच्या समोरून, दोनशे हातांवरून गेली. मी बघितलं. होडीत टोपल्या होत्या आणि टोपल्यांच्या मधे एक डोकं, आमच्याकडे वळलेलं. मा उर्स्युलने मान वर केली नाही. ती एकच सदरा बडवत राहिली. बडवता बडवता त्याची सगळी बटणं फुटली तरी थांबली नाही.

पुढे कुणाकडून काही कळलं नाही. ओगुस्त दोन-तीनदा आला, "टोपल्या वर पोचल्या," एवढंच एकदा म्हणाला, आणि त्याच पावसाळ्यात वारला. त्यानंतर सैन्य जंगलात शिरलं, वस्त्या जाळल्या, कितीक माणसं धरून आणली. मा प्रत्येक वेळी चौकात जाऊन बघून यायची, दुरून. सेलीस त्यात नसायची. ती मेली की जगली, कुणी सांगितलं नाही. माने विचारलंही नाही, कारण विचारलं की कुणाच्या तरी लक्षात येतं. चित्र जहाजाबरोबर विलायतेला गेलं.

अकरा वर्षांनी मा तापाने पडली. तिचं धुणं मी घेतलं. अंथरुणावरचं सगळं बदललं, उशीच्या पोटात हात घातला तर घडी घातलेला मलमलीचा एक तुकडा निघाला, तळहाताएवढा, कडा फाटक्या. मधे एक डाग. जुनाट, पिवळट तपकिरी. तापाच्या माणसाच्या उशीत असं काय काय निघतं. मी तो लिंबू आणि राखेच्या पाण्यात टाकला, चोळला, दगडावर उन्हात पसरला, पुन्हा भिजवला. दोन दिवस लागले. डाग हट्टी होता, पण मीही हट्टी आहे. असा शुभ्र निघाला की मला माझंच कौतुक वाटलं. घडी घालून मी तो तिच्या हातात नेऊन दिला.

"बघ मा, काय काढलाय डाग!"

तिने घडी उलगडली. एका बाजूने बघितला, मग दुसऱ्या बाजूने, मग खिडकीकडे धरून बघितला. तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता मला कळलं मी काय धुतलं ते. त्या गुरुवारी चित्र टिपलेला तो तुकडा तिने नदीत सोडला असेल असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. गावाने नावाजलेली माझी जीभ टाळूला चिकटली.

माने माझ्या हातावर आपला निळा हात ठेवला. ती माझं सांत्वन करत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, ते मला कधी कळलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं गं, झोझीन. आता ती कुणालाच सापडायची नाही."

मग तिने तो पांढरा तुकडा नीट घडी घालून उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.